हाक आणि हुद्दा

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाविषयी एक शासन निर्णय काढला. जीन्स आणि टी-शर्ट नको, पुरुषांनी शर्ट पँटमध्ये खोचावा, स्त्रियांनी साडी किंवा सलवार-कुडता घालावा, अशा सूचनांच्या जोडीला त्यात आणखी एक सूचना होती. डॉक्टर जसे नावाआधी ‘डॉ.’ आणि वकील ‘ॲड.’ लावतात, तसे शिक्षकांनी इंग्रजीत ‘टीआर’ आणि मराठीत ‘टि’ लावावे. त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी २०२३ मध्ये, केरळच्या बालहक्क संरक्षण आयोगाने शाळांमधून ‘सर’ आणि ‘मॅडम’ यांऐवजी सरसकट ‘टीचर’ म्हणावे असा निर्देश दिला होता. या दोन निमित्तांनी शिक्षकाला काय म्हणावे हा वाद आपल्याकडे पुन्हा उभा राहिला आणि तो नेहमीच्याच दोन बाजूंनी लढवला गेला. एका बाजूचे म्हणणे असे की ‘सर’ आणि ‘मॅडम’ टाकून द्यावेत, ‘गुरुजी’ आणि ‘बाई’ परत आणावेत, म्हणजे गेलेला मान परत येईल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की नावात काय ठेवले आहे, काम चांगले असले म्हणजे झाले. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडत आहेत. मुलांनी शिक्षकाला कोणत्या शब्दाने हाक मारावी हे खुशाल मुलांवर आणि त्यांच्या गावावर सोडावे. पण शासन ज्या शब्दाने नेमणूक करते त्या शब्दाबद्दल कमालीचे आग्रही राहावे आणि वर्गात उभे राहून शिकवणाऱ्या माणसाच्या नेमणूकपत्रात ‘शिक्षक’ याखेरीज दुसरा कोणताही शब्द चालवून घेऊ नये.

हाक आणि हुद्दा या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे मला घरातच कळले. माझी आई माणदेशातल्या एका दोनशिक्षकी शाळेत शिकवायची. वर्गातली मुले तिला ‘बाई’ म्हणत. दुपारी आडावर भेटणाऱ्या म्हाताऱ्या तिला ‘मास्तरीणबाई’ म्हणत आणि नातवाची चौकशी करत. पंचायत समितीतले कारकून ‘मॅडम’ म्हणत. तिच्या जोडीला असलेल्या शिक्षकांना सारे गाव ‘गुरुजी’ म्हणे, तेच शिक्षक तालुक्याला गेले की ‘सर’ होत. एका दिवसात इतक्या हाका ऐकूनही आपण कोण आहोत याबद्दल आईच्या मनात कधी गोंधळ झाला नाही, कारण तिच्या सेवापुस्तकात ‘उपशिक्षिका’ असे लिहिलेले होते आणि त्या शब्दापुढे वेतनश्रेणी, वेतनवाढीची तारीख, रजेचा हिशेब आणि निवृत्तिवेतन अशी सगळी ओळ उभी होती. बाकीच्या हाका म्हणजे माणसांची माया होती, सवय होती, क्वचित दुरावाही होता. तिच्या पायाखालची जमीन सेवापुस्तकातल्या त्या एका शब्दाने धरून ठेवलेली होती.

जुने शब्द परत आणा म्हणणाऱ्यांनी त्या शब्दांचा इतिहास एकदा नीट पाहावा. इंग्रजी अंमल येण्याआधी आणि नंतरही बराच काळ गावोगावच्या शाळा पंतोजी चालवत. त्यांचे पोट पालकांच्या शिध्यावर आणि दक्षिणेवर चाले. ‘तात्यापंतोजी’ म्हटले की आजही छडी डोळ्यांसमोर येते. ‘पंतोजी’ हा शब्द आदराचाच होता, पण १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी विद्याखात्यातल्या ब्राह्मण पंतोजींवर रचना केली तेव्हा शूद्रांच्या मुलांना तो शब्द कसा ऐकू येतो हे त्यांनी लिहून ठेवले. मग सरकारी शाळांबरोबर ‘मास्तर’ आला, व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, झालेल्या तरुणांबरोबर तो खेड्यापाड्यांत पोचला, त्याच्यापासून मास्तरीण झाली आणि मास्तरकीही झाली. आज जे ‘मास्तर’ हा शब्द घरचा आणि ‘सर’ हा परका मानतात त्यांना हे ध्यानात घ्यावे लागेल की दोन्ही शब्द एकाच बोटीतून उतरले आहेत. किंबहुना पोर्तुगीजांच्या ‘मेस्त्र’ या शब्दाचा आपण ‘मिस्त्री’ केला आणि इंग्रजांच्या शब्दाचा ‘मास्तर’, म्हणजे भिंत बांधणारा आणि अक्षर शिकवणारा हे मुळात एकाच लॅटिन शब्दाचे दोन नातू आहेत. भाषेने त्यांना सामावून घेतले, वाकवले, आपल्या प्रत्ययांत बसवले. ‘सर’च्या बाबतीतही तेच झाले आहे.

तरीही ‘सर’ला विरोध करणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. तो शब्द साहेबाच्या कचेरीतून आला आहे. सरकारदरबारी मान तुकवण्याची सवय त्याच्याबरोबर आली आहे. ज्या मुलाच्या घरात कोणी इंग्रजी बोलत नाही त्याने शाळेच्या उंबऱ्यावर पहिला शब्द परक्या भाषेतला का उच्चारावा, हा प्रश्न रास्त आहे. पण आदर नेमका कुठे राहतो, हेही मराठी माणसाने आपल्या भाषेलाच विचारून पाहावे. ‘सर आले’, ‘सरांनी सांगितले’, ‘गुरुजी रागावले’, ‘मास्तर निघाले’: शब्द कोणताही असो, मराठी आदर ठेवते तो क्रियापदात. याची सर्वांत बोलकी खूण ‘बाई’ या शब्दात आहे. शहरातल्या एखाद्या घरात ‘बाई आल्या’ म्हटले की शिक्षिका आल्या असा अर्थ होतो आणि ‘बाई आली’ म्हटले की भांडी घासायला येणारी आली असा अर्थ होतो. शब्द तोच, मधे फरक एका क्रियापदाचा, आणि त्या एवढ्याशा फरकात आपल्या समाजाची सगळी उतरंड दिसते. ज्या भाषेने मुक्ताबाई, अहिल्याबाई आणि सावित्रीबाई या नावांत ‘बाई’ला एवढी उंची दिली, तिच्या बोलणाऱ्यांनी कष्टकरी स्त्रीसाठी तो शब्द खाली आणला, मग अनेक शिक्षिकांना ‘बाई’पेक्षा ‘मॅडम’ बरा वाटू लागला. याचा दोष त्या शिक्षिकांना देता येणार नाही. ‘बाई’ला पुन्हा मान हवा असेल तर ‘भांडीवाल्या बाई आल्या’ असे म्हणायची सवय घराघरांत लावावी लागेल, आणि ते काम कोणत्याही शासन निर्णयाने होणारे नाही.

केरळच्या आयोगाचा मुद्दा याहून भक्कम होता. पुरुषाला एक शब्द आणि स्त्रीला दुसरा, या भेदापेक्षा दोघांना कामावरून ओळखणारा एकच शब्द असावा, ही कल्पना न्याय्यच आहे. मात्र ती महाराष्ट्रात जशीच्या तशी चालणार नाही, कारण आपल्याकडे ‘टीचर’ हा शब्द इंग्रजी शाळांच्या बालवर्गातून आला आणि तो बहुतेक ठिकाणी स्त्रीलाच उद्देशून वापरला जातो. आणि ‘अहो शिक्षक’ अशी हाक तर कोणत्याही मुलाच्या तोंडून सहज निघणार नाही. परंतु केरळची कसोटी ‘गुरुजी’ परत आणू पाहणाऱ्यांना लावली की त्यांच्या मागणीतली मोठी उणीव उघडी पडते. प्राथमिक शाळांमधून स्त्रिया मोठ्या संख्येने शिकवतात आणि त्यांना कोणी ‘गुरुजी’ म्हणत नाही. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात शिकवायला उभ्या राहिलेल्या सावित्रीबाईंना ज्या परंपरेत जागाच नव्हती, त्या परंपरेचा शब्द हाच शिक्षकाच्या सन्मानाचा एकमेव शब्द कसा होईल?

‘गुरुजी’ या शब्दाबद्दल मला प्रेम आहे, म्हणूनच त्याविषयी सावकाश बोलायला हवे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे शिकवून नोकरी सोडलेले पांडुरंग सदाशिव साने आयुष्यभर ‘साने गुरुजी’च राहिले आणि १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिराची दारे अस्पृश्यांना उघडावीत म्हणून ते उपोषणाला बसले तेव्हाही लोकांनी त्यांना याच नावाने ओळखले. १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र ठेवणारे केळुसकर हेही गुरुजीच. म्हणजे हा शब्द केवळ बंद दाराच्या पाठशाळेचा आहे असे म्हणता येत नाही. पण याच शब्दाच्या वंशात एक जुनी गाठ आहे आणि ती मोलाशी बांधलेली आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आचार्य आणि उपाध्याय यांच्या व्याख्या दिल्या आहेत. उपनयन करून अंगांसह वेद शिकवणारा तो आचार्य. वेदाचा एखादा भाग उपजीविकेसाठी शिकवणारा तो उपाध्याय. आणि पुढे लगेच दहा उपाध्यायांपेक्षा एक आचार्य श्रेष्ठ असे सांगितले आहे. शिकवण्याचे पैसे घेतले की पायरी उतरली, हा विचार तिथे स्पष्ट शब्दांत आहे. खरा गुरू वेतन मागत नाही, असे आजही शिक्षकांचा संप सुरू झाला की आपण किती सहज बोलून जातो! उपजीविकेची मागणी करणाऱ्याला आधी गुरूच्या आसनावर बसवायचे आणि मग त्या आसनावरून हात पुढे करणे शोभत नाही असे सांगायचे, हा त्या जुन्या व्याख्येचाच आधुनिक अवतार आहे.

हे केवळ बोलण्यापुरते राहिलेले नाही. १९९७ मध्ये मध्य प्रदेश सरकारने शिक्षण हमी योजना आणली. जवळपास शाळा नसलेल्या वस्तीने मागणी केली की तिथे शाळा सुरू करायची आणि गावातल्याच एखाद्या शिकलेल्या माणसाला शिकवायला नेमायचे, अशी ती योजना होती. त्या माणसाला शासनाने अधिकृत नाव दिले ‘गुरुजी’, आणि सुरुवातीला महिना पाचशे रुपये मानधन ठरवले. देशभरात त्या काळात असेच गोड शब्द जन्माला आले. उत्तर प्रदेशात ‘शिक्षामित्र’, गुजरातमध्ये ‘विद्यासहायक’, राजस्थानात त्याआधीच ‘शिक्षाकर्मी’. मित्र, सहायक, कर्मी, गुरुजी: यातला एकही शब्द अपमानाचा नाही, उलट प्रत्येकात आपुलकी किंवा आदर भरलेला आहे, आणि तरीही त्यातला प्रत्येक शब्द ‘शिक्षक’ हा एक शब्द टाळण्यासाठी शोधलेला आहे. उत्तर प्रदेशातल्या शिक्षामित्रांना पुढे सहायक शिक्षक म्हणून सामावून घेतले गेले, तेव्हा जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते समायोजन रद्द केले. न्यायालयापुढे मुद्दा होता शिक्षकपदाच्या किमान पात्रतेचा आणि कायद्याने तो डावलता येत नव्हता. पण ज्यांनी वर्षानुवर्षे वर्ग सांभाळले त्यांना आधी निराळ्या नावाने नेमून कोणी अडकवले होते?

महाराष्ट्राने २००० मध्ये जो शब्द घडवला तो ‘शिक्षण सेवक’. डी.एड. झालेल्या, निवड होऊन आलेल्या उमेदवाराला पहिली तीन वर्षे या नावाने नेमायचे, वेतनाऐवजी मानधन द्यायचे आणि तीन वर्षांनी नियमित शिक्षक करायचे, अशी ही पद्धत. प्राथमिक शाळेतल्या शिक्षण सेवकाचे मानधन सुरुवातीला महिना ३,००० रुपये होते, पुढे ते ६,००० झाले आणि जानेवारी २०२३ पासून १६,००० झाले. माझ्या मावसबहिणीची नेमणूक या योजनेच्या पहिल्या वर्षांतली. तिचे नेमणूकपत्र आले त्या संध्याकाळी पेढे आणले होते. आईने चष्मा लावून ते पत्र स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली दोनदा वाचले आणि विचारले, “अगं, पण यात शिक्षिका असं कुठे लिहिलंय?” पेढ्याचा पुडा ओट्यावर तसाच उघडा होता. बहीण म्हणाली, “तीन वर्षांनी लिहितील, मावशी.” त्या तीन वर्षांत ती पहिली आणि दुसरी असे दोन वर्ग एकत्र शिकवत होती, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवत होती, निवडणुकीच्या कामाला जात होती. मुले तिला ‘बाई’ म्हणत होती, शाळेत तपासणीला आलेले अधिकारी शिक्षिकेकडूनच मागावी तशी सगळी कागदपत्रे तिच्याकडे मागत होते, आणि महिनाअखेर तिच्या हाती नियमित शिक्षकाच्या पगाराचा लहानसा हिस्सा पडत होता.

नावात काही नसते असे म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न इथे आहे. नावात खरोखरच काही नसते, तर शासनाने हे नाव मुद्दाम तयार कशाला केले? ‘वेतन’ म्हटले की वेतन आयोग येतो, महागाई भत्ता येतो, वेतनवाढ येते. ‘मानधन’ म्हटले की यातले काहीच मागता येत नाही, उलट धनाबरोबर मानही दिला असल्याचे समाधान देणाऱ्याला मिळते. ‘शिक्षक’ म्हटले की त्या पदाचा पगार द्यावा लागतो. ‘सेवक’ म्हटले की सेवेचे मोल कसे मागायचे, हा संकोच नाव ठेवतानाच मनात रुजवता येतो. शब्दांना किंमत असते हे शिक्षकांपेक्षा वित्त विभागाला आधी आणि अधिक नेमकेपणाने कळले होते.

शासनाची बाजूही हलकी नाही. शिक्षकांच्या पगाराचा बोजा कोणत्याही राज्याच्या तिजोरीवर मोठाच असतो. नव्या माणसाला काही काळ पारखून घेणे हा नोकरी देणाऱ्याचा हक्क आहे. आणि मध्य प्रदेशातल्या त्या योजनेमुळे ज्या पाड्यांवर कधी फळा दिसला नव्हता तिथे शाळा उभ्या राहिल्या, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पाचशे रुपयांचा गुरुजी आणि कोणीच नाही, या दोहोंत निवड करायची असती तर त्या पाड्यावरच्या आईने गुरुजीच निवडला असता. पण पारखण्यासाठी परिविक्षा, म्हणजे प्रोबेशन, नावाची सोय आधीपासून आहे. उपजिल्हाधिकारी परिविक्षाधीन असतो तेव्हाही तो उपजिल्हाधिकारीच असतो, त्या पदाचे वेतन घेतो आणि त्याला कोणी ‘महसूल सेवक’ म्हणत नाही. पैसा कमी असेल तर तसे विधिमंडळात सांगावे आणि त्यावर उघड चर्चा व्हावी. तो प्रश्न शब्दाच्या आड लपवू नये. आणि सेवक हा शब्द इतकाच पवित्र असेल तर तो इतर ठिकाणाहून का काढला गेला? २०२४ मध्येच याच राज्याने ग्रामसेवकांचे पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केले आणि तलाठ्यांचे ‘ग्राम महसूल अधिकारी’. त्यांच्या संघटनांनी ती मागणी लावून धरली होती आणि ती योग्यच होती. गावातल्या चावडीतून ‘सेवक’ गेला, शाळेतून मात्र गेला नाही. शाळेला त्याच वर्षी ‘टि’ मिळाले.

गोड शब्दाने खरा प्रश्न झाकला जातो हे महाराष्ट्राने याआधीही अनुभवले आहे. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात स्थानिक मंडळांच्या कायद्यातल्या दुरुस्तीत अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घालण्यात आला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी त्याला विरोध केला आणि तो मानला गेला नाही म्हणून डॉ. आंबेडकरांसह ते सभागृहातून बाहेर पडले. तो शब्द देणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. आक्षेप असा होता की ज्यांच्यासाठी तो आहे त्यांना न विचारता, त्यांची स्थिती न बदलता, फक्त नाव गोड केले जात आहे. दोन्ही अन्यायांची बरोबरी होऊच शकत नाही, आणि ती मी करत नाही. पण कायद्यात कोणता शब्द पडतो याकडे किती कठोरपणे पाहायचे असते याचा धडा तिथून घ्यावा. त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाविषयी जे मागितले तेही पाहण्यासारखे आहे. तो शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा, प्रशिक्षित असावा, त्याला किमान बारा रुपये आणि मोठ्या गावात पंधरा ते वीस रुपये पगार असावा आणि गावाचे हिशेब तपासण्यासारखी कामे देऊन गावात त्याचे वजन वाढवावे. त्याला कोणत्या नावाने हाक मारावी, यावर त्यांनी वेळ घालवला नाही.

आज हा आग्रह कुठे धरायला हवा, याची दोन ठिकाणे मला सर्वांत तातडीची वाटतात. विधान परिषदेसाठी महाराष्ट्रात सात शिक्षक मतदारसंघ आहेत. संविधानाच्या १७१व्या अनुच्छेदानुसार त्यात मत देता येते ते माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तरावर शिकवणाऱ्यांनाच. म्हणजे मुलाला पहिले अक्षर गिरवायला शिकवणारी व्यक्ती या मतदारसंघाच्या लेखी शिक्षकच नाही. हा अनुच्छेद १९४९ मधल्या परिस्थितीत लिहिला गेला. आज प्राथमिक शिक्षकासाठी पात्रता आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सक्तीची केल्यावर तो भेद कशाच्या आधारावर टिकवायचा? दुसरे ठिकाण अंगणवाडीचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम केले त्यातून आलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे देशाने उचलला, पण तिथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गाणी, रंग, आकडे शिकवणाऱ्या स्त्रीला आपण ‘सेविका’ म्हणतो आणि तिलाही मानधनच देतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असा निकाल दिला. त्या निकालानेही ‘मानधन’ हा शब्द कामगाराचे हक्क पुसू शकत नाही हेच दाखवले. मुले तिला ‘ताई’ म्हणतात आणि म्हणोत, त्याहून सुंदर हाक दुसरी नाही. मागणी आहे ती तिच्या नेमणूकपत्रात ‘बालशिक्षिका’ लिहिण्याची आणि त्या शब्दाबरोबर येणारे वेतन देण्याची.

मावसबहीण आता त्याच तालुक्यात मुख्याध्यापिका आहे. तिच्या शाळेच्या व्हरांड्यात कर्मचाऱ्यांची नावे रंगवलेला फलक आहे: अनुक्रमांक, नाव, शिक्षण, पदनाम. गेल्या जूनमध्ये नव्याने आलेल्या तरुणाचे नाव त्यावर चढले आणि शेवटच्या रकान्यात रंगाऱ्याने ‘शि. से.’ एवढेच लिहिले. चौथीतली एक मुलगी तो फलक मोठ्याने वाचत होती. त्या दोन अक्षरांपाशी ती अडली आणि वळून म्हणाली, “बाई, शि. से. म्हणजे काय?” बहिणीने तिला सांगितले, “शिक्षक.”